सॉफ्ट कोरलला काय, किती आणि कधी भरवायचं: ठाणे-नवी मुंबईतल्या घरच्या टाकीसाठी

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी कोरल (प्रवाळ) घेतलं की दुकानदार खाद्याची एक डबी पुढे सरकवतो आणि "आठवड्यातून दोनदा चिमूटभर टाका" एवढं सांगून मोकळा होतो. ती चिमूट कोणाच्या तोंडात जाते, हे कोणी विचारत नाही. टाकीत चार-पाच प्रकारची कोरलं असतील, तर त्यातल्या एखाद-दोघांना ती पावडर खरंच मिळते, एखाद्याला ती पकडताच येत नाही आणि एखाद्याला तिची गरजच नसते. उरलेली सगळी खडकांच्या मागे जाऊन सडते. म्हणून भरवण्याआधी आपल्याकडचं कोरल काय खाऊ शकतं ते ओळखायचं आणि भरवल्यावर उरलेलं कुठे गेलं त्यावर लक्ष ठेवायचं. मधलं सिरिंजचं काम त्या मानाने किरकोळ आहे.

हा लेख फक्त सॉफ्ट कोरलपुरता, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्या कोरलांपुरता आहे: झोआ, पॅली, मश्रूम, लेदर, झीनिया, ग्रीन स्टार पॉलिप. परदेशी व्हिडिओंत हॅमर, टॉर्च, ब्रेन वगैरेंना कोळंबीचे तुकडे भरवताना दाखवतात. ती सगळी दगडी सांगाड्याची कोरलं. आपल्याकडे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीतलं. मुंबईच्या किनाऱ्यावरही अशी प्रवाळं आहेत. कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीची प्रवाळं २०२० मध्ये रीतसर परवानगी काढून दुसरीकडे हलवावी लागली होती. तेव्हा कोणी कमी भावात "हॅमरचा छोटा तुकडा" देऊ केला तर नको म्हणा, आणि सॉफ्ट कोरलचंही पक्कं बिल मागून घ्या.

आधी उजेड, मग अन्न

या कोरलांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. उजेड मिळाला की ते साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा कोरलला देतं. रोजची ऊर्जा बहुतेक तिथूनच येते. पण साखरेने शरीर वाढत नाही. त्यासाठी नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतं, आणि ते कोरल पकडलेल्या खाद्यातून, माशांच्या विष्ठेतून आणि पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांतून मिळवतं. टाकीत दोन क्लाउनफिश आणि एखादा गोबी रोज नीट खात असतील, तर कोरलला अर्धं जेवण तिथेच मिळतं.

लाइट कमी पडत असेल, तर मात्र खाद्याने काही भरून निघत नाही. सावलीतल्या तुळशीला कितीही शेणखत घातलं तरी ती सावलीतच राहते. झोआ लांब मानेचे होऊन वर ताणले जात असतील, मश्रूम पातळ पसरून फिकं पडत असेल, तर डबी बाजूला ठेवा आणि आधी लाइट, मग प्रवाह तपासा.

पाण्याचे आकडे थोडक्यात. खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २५ ते २७ अंश, नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य असतील तर टाकी स्वच्छ आहे असं समजू नका, ती उपाशी आहे, आणि अशा टाकीत डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा चिकट तपकिरी थर यायला वेळ लागत नाही. तिथे खाणं थोडं वाढवायचं. उलट नायट्रेट ४० च्या पुढे गेलं असेल, तर आत्ता कोरलला काहीही भरवू नका.

कोणाचं तोंड केवढं

झोआ आणि पॅली दिसायला भावंडं, पण भुकेच्या बाबतीत फरक मोठा. पॅली जाड आणि मोठ्या तोंडाची असतात. आर्टेमिया, सायक्लॉप्स, बारीक केलेला मायसिस (सगळे कोळंबीसारखे चिमुकले जलजीव) यांचा कण कडेच्या तंतूंना लागला की चकती थैलीसारखी मिटते आणि कण आत जातो. झोआंचं तोंड लहान. त्यांना नुकती जन्मलेली आर्टेमिया, रॉटिफर (त्याहून सूक्ष्म जलजीव) किंवा बारीक पावडर चालते, तीही सगळ्या जाती घेतात असं नाही. काही जाती कण अंगावर पडला तरी ढिम्म असतात. अशांना सलग काही वेळा देऊन पाहा, घेत नसतील तर नाद सोडा. उजेडावर ते मजेत वाढतात.

मश्रूममध्येही असाच भेद. गुळगुळीत डिस्कोसोमा खाण्याच्या बाबतीत आळशी आहे. केसाळ ऱ्होडॅक्टिस मात्र खवय्या. मायसिसचा अख्खा तुकडा ठेवला तर कडा हळूहळू वर येऊन पुरचुंडी बांधली जाते. त्याचा मोठा नातेवाईक, ‘एलिफंट इअर’ नावाचं मोठं पसरणारं मश्रूम, झोपलेला लहान मासाही असाच गुंडाळून गिळतं. ते घेताना टाकीतल्या लहान माशांची आठवण ठेवा.

लेदर, केनिया ट्री, ग्रीन स्टार पॉलिप यांचे तंतू पिसासारखे आणि दंशपेशी दुबळ्या. आर्टेमियाचं पिल्लू साधारण अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे ४०० ते ५०० मायक्रॉन. यांच्यासाठी तेही बहुधा मोठं आणि धडपडं ठरतं. यांना पाण्यात तरंगणारे अगदी बारीक कण लागतात. फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल) म्हणून मिळणाऱ्या नॅनोक्लोरॉप्सिसची पेशी २ ते ५ मायक्रॉनची असते. लेदरवर सिरिंजने मायसिस सोडणं म्हणजे टाकीतल्या क्लीनर श्रिंपची (सफाई करणाऱ्या कोळंबीची) सोय करणं. झीनियाला तर काहीच भरवायला जाऊ नका, ती बरंचसं विरघळलेल्या द्रव्यांवर भागवते.

आता एक इशारा. गुलाबी, लाल, केशरी रंगाचं, फुलकोबीसारखं झुबकेदार कार्नेशन कोरल दुकानात फार मोहात पाडतं. ते सॉफ्ट कोरलच आहे, पण त्याच्या अंगात शैवाल नाही. म्हणजे उजेडाचा उपयोग शून्य, सगळी भिस्त खाण्यावर. तांबड्या समुद्रातल्या या कुळातल्या एका जातीचं मुख्य अन्न फायटोप्लँक्टन असतं, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं, आणि तेही वाहत्या पाण्यातून चोवीस तास. घरच्या शंभर-दोनशे लिटरच्या टाकीत तेवढं खाद्य ओतलं तर पाणी टिकत नाही, नाही ओतलं तर कोरल महिनोन्महिने आक्रसत जातं. माझ्या मते ते विकतच घेऊ नये.

बाजारातून आणायचं ते

तयार खाद्यांत फ्रोजन मायसिस, आर्टेमिया, सायक्लॉप्स, पावडरमध्ये रीफ-रॉइड्ससारखे प्रकार आणि फायटोप्लँक्टनची बाटली, एवढ्यावर भागतं. फायटोची बाटली फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे, आणि रोज एकदा हलवायची. हिरव्याची तपकिरी झाली किंवा कुजका वास आला की फेकून द्यायची. अमिनो अॅसिडचे थेंब भूक चाळवायला उपयोगी आहेत, पण नव्या माणसाने पहिले काही महिने त्यांच्या नादी लागू नये. आधीच बदलत्या गोष्टी पुष्कळ असतात.

आपल्याकडे एक सोय अशी आहे जी परदेशी मार्गदर्शकांत सापडणार नाही: ओला जवळा. मासळी बाजारात ताजा, काचेसारखा पारदर्शक जवळा दिसला की एक वाटा घ्या. लालसर पडलेला, डोकी सुटलेला, अमोनियासारखा वास मारणारा नको. सोबत थोडी कोळंबी, सोललेली. सुका जवळा नको, त्यात वाळू असते आणि तो किती जुना आहे हे कळत नाही. खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवंही नकोत. ती पाणी गाळून जगतात आणि ठाणे खाडीच्या पाण्यात जे काही आहे ते त्यांच्या अंगात साठतं. त्याच कारणाने खाडीचं पाणीही टाकीसाठी आणू नका.

घरी आणल्यावर जवळा साध्या पाण्यात दोनदा धुवा, शेवटचं पाणी आरओचं. टाकीत क्लीनर किंवा पेपरमिंट श्रिंप असतील, तर जवळा आणि कोळंबी दोन-तीन मिनिटं चांगली उकळून घ्या. बाजारातल्या कोळंबीत व्हाइट स्पॉट नावाचा विषाणू असू शकतो. माशांना होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वेगळा. हा विषाणू झिंगे-खेकड्यांच्या वर्गातल्या प्राण्यांनाच लागतो आणि फ्रीजरमध्ये मरत नाही. उकळलेलं खाद्य थोडं बेचव होत असेल, पण कोरलने अजून तक्रार केलेली नाही.

मग मिक्सरच्या छोट्या भांड्यात थोडं आरओ पाणी घालून फिरवा. पेस्ट करू नका, रव्याएवढे कण राहू द्या. मीठ, हळद काही नाही, हे सांगायला नको, पण घरात मदतीला कोणी आलं तर हात सवयीने हळदीच्या डब्याकडे जातो. हा लगदा मलमलच्या कापडात घालून वरून पाणी सोडा, दुधासारखं गढूळ पाणी निघून जाईल. त्या पाण्यात फॉस्फेट भरपूर आणि कोरलला पकडता येईल असं काही नाही. उरलेला चोथा झिपच्या पिशवीत पातळ थापून फ्रीझ करा म्हणजे हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. पिशवीवर तारीख आणि "टाकीचं" असं ठळक लिहा. दोन-तीन महिन्यांत संपवा.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा मे महिन्यातच पावसाळ्याचा साठा करून ठेवायचा. पुढे श्रावणात घरात मासळी येत नाही, आणि फ्रीजरमधली ती पिशवी कोणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून ती स्टीलच्या बंद डब्यात ठेवणं सुज्ञपणाचं.

झोआंसाठी आर्टेमिया घरीच उबवता येते आणि आपली हवा तिला फार मानवते. प्लॅस्टिकची बाटली तळ कापून उलटी टांगा. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम आयोडीन नसलेलं खडे मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि जेमतेम अर्धा चमचा अंडी. तळापर्यंत हवेची नळी सोडून जोरात बुडबुडे, जवळ एक दिवा चालू. पाणी २८ अंशांच्या आसपास असलं की १८ ते २४ तासांत नारिंगी पिल्लं बाहेर येतात. ठाण्यात हिवाळ्याचे काही आठवडे सोडले तर हीटर लागत नाही. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी कवचं वर तरंगतात, पिल्लं खाली दाखवलेल्या टॉर्चकडे जमतात. नळीने ती ओढून दाट विणीच्या रुमालातून गाळा आणि टाकीच्या पाण्यात धुऊन घ्या. कवचं शक्यतो येऊ देऊ नका, ती पचत नाहीत. पिल्लांच्या पोटातला पिवळा बलक काही तासांतच संपत जातो, म्हणून ती त्याच दिवशी द्यायची. उद्या देऊ म्हटलं तर उद्या ती नुसती फोलपटं उरतात.

भरवण्याची संध्याकाळ

पहिली गोष्ट वेळेची. "कोरलला रात्री लाइट गेल्यावर भरवा" हा सल्ला दगडी कोरलांसाठी ठीक आहे. झोआ लाइट गेले की मिटतात, आणि मिटलेल्या तोंडात काही जात नाही. लाइट बंद व्हायच्या तास-दीड तास आधी, सगळं पूर्ण उघडलेलं असताना भरवायचं. सीएसएमटीहून लोकलने घरी येईपर्यंत नऊ वाजत असतील, तर टायमर दुपारी एक ते रात्री दहा असा सरकवा. कोरलला घड्याळ कळत नाही, त्याला आठ-नऊ तास उजेड मिळाला की झालं.

१. मासे आधी. त्यांना नेहमीचं खाणं देऊन पोट भरू द्या, नाहीतर कोरलच्या तोंडातला घास पळवतात. दहा मिनिटं जाऊ द्या.

२. खाद्य टाकीच्याच वाटीभर पाण्यात वितळवा. १०० लिटरच्या टाकीला शेंगदाण्याएवढा जवळ्याचा तुकडा पुष्कळ झाला. पावडर असेल तर चहाच्या चमच्याचा आठवा भाग. कालवून पाच मिनिटं भिजू द्या, म्हणजे ती वर तरंगत राहत नाही. गरम पाणी किंवा मायक्रोवेव्ह नको.

३. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि यूव्ही दिवा बंद. सम्पचा (खालच्या फिल्टर-टाकीचा) रिटर्न पंपही बंद, नाहीतर सगळं खाली फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) जातं. वेव्हमेकर (टाकीतलं पाणी फिरवणारा पंप) अगदी मंद ठेवा किंवा भरवेपर्यंत थांबवा. बंद केलेल्या गोष्टींसाठी लगेच मोबाईलवर गजर लावा.

४. त्या वाटीतलं नुसतं पाणी, कण न घेता, सिरिंजने टाकीत सोडा आणि थांबा. वासाने पॉलिपचे (कोरलच्या एकेका तोंडाचे) तंतू ताठ होतात, मश्रूमच्या कडा फुगतात. ही घाईत टाळली जाणारी पायरी आहे, आणि खाद्य तोंडात जाणार की खडकावर पडणार हे बरंचसं इथेच ठरतं. पाच-दहा मिनिटांनीही काही हललं नाही, तर त्या दिवशी भरवायचंच नाही. वाटी बेसिनमध्ये ओता.

५. मेडिकलमधून १० मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज आणा, तिच्या तोंडाला आरओच्या पाव इंची पाइपचा फूटभर तुकडा जोडा. पाइपचं टोक कोरलपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, आणि दट्ट्या इतका हळू दाबायचा की कण स्वतःच्या वजनाने खाली उतरावेत. पिचकारी मारली की कोरल मिटतं. पॅली आणि ऱ्होडॅक्टिसला एकेक करून द्या, झोआंच्या वसाहतीवर पातळ ढग सोडा. प्रत्येक तोंडाला एक-दोन कण पुरतात. घास मोठा झाला तर कोरल तो तासाभराने तसाच बाहेर टाकतं आणि तो सकाळपर्यंत पाणी बिघडवत राहतो.

६. श्रिंप चोरतात. क्लीनर श्रिंप मिटलेल्या मश्रूमच्या पोटात पाय घालून घास बाहेर ओढतो, आणि त्यात कोरलही फाटतं. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो घुमटासारखा कोरलवर पालथा ठेवा, झाकण काढून. वरच्या तोंडातून सिरिंज आत जाते, श्रिंप बाहेर फिरत बसतो. पंधरा-वीस मिनिटांनी काढा, जास्त वेळ नको, आतलं पाणी शिळं होतं.

७. लेदर आणि स्टार पॉलिपसाठी फायटो वेगळ्या दिवशी. बाटलीवरच्या प्रमाणाच्या अर्ध्याने सुरुवात करा आणि वेव्हमेकर चालू ठेवूनच ते ओता, ते सगळ्या पाण्यात फिरायला हवं. स्किमर तासभर बंद.

८. वीस मिनिटांनी पंप सुरू, स्किमर अर्ध्या-पाऊण तासाने. न खाल्लेला मोठा तुकडा दिसला तर त्याच सिरिंजने उलटा ओढून काढा.

हात पाण्यात जाणार असेल तर ग्लोव्हज घाला, आणि झोआ-पॅलीचा खडक हलवायचा असेल तर चष्माही. या कुळातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, ते माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. असा खडक कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका, गरम पाण्याखाली घासू नका, वाफेतून विष श्वासात गेल्याने घरातली सगळी माणसं आजारी पडल्याच्या घटना परदेशात झाल्या आहेत. सिरिंज, वाटी, गाळणी हे सगळं टाकीचं वेगळं ठेवा, स्वयंपाकघरात परत नको.

किती वेळा, हे टेस्ट किट सांगतं

आठवड्यातून एकदा, अशी सुरुवात करा आणि पुढचे चार आठवडे नायट्रेट-फॉस्फेट दर रविवारी मोजून वहीत लिहा. आकडे जागचे हलले नाहीत आणि कोरल उघडं, तकतकीत असेल, तर आठवड्यातून दोनदा. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलूनही फॉस्फेट चढतच असेल, तर वेळा कमी करू नका, आधी प्रत्येक वेळचं प्रमाण निम्मं करा. बहुतेकदा जास्तीचं जे असतं ते न खाल्लेलं असतं. वाळूवर लालसर बुरशीसारखा थर, काचेवर दोन दिवसांत परत येणारं हिरवं, रात्री टॉर्च मारल्यावर खडकातून निघणाऱ्या ब्रिसल वर्म या केसाळ किड्यांची फौज, ही जास्त खाद्याची किटशिवाय कळणारी लक्षणं.

पाणी बदलण्याचा दिवस भरवण्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवला तर खडकांमागचा गाळ त्याच हाताने ओढला जातो. नवं पाणी आरओ-डीआयचं (आरओच्या पुढे आणखी एका गाळणीतून काढलेलं), टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. पिण्याच्या आरओचं पाणी यासाठी पुरेसं शुद्ध नसतं, विशेषतः सोसायटीत टँकर येत असेल तर.

मे महिना, पावसाळा, आणि न भरवण्याचे दिवस

उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३० अंशांपुढे गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमका तेव्हाच सगळ्यांचा श्वास वाढलेला असतो. त्यात सडणाऱ्या खाद्याची भर नको. पंख्याने बाष्पीभवन करून पाणी थंड करण्याची युक्ती आपल्या दमट हवेत मर्यादित चालते, बेलापूर किंवा वाशीत खाडीकाठी तर आणखी कमी. चिलर नसेल तर मे महिन्यात प्रमाण निम्म्यावर आणा.

याला अपवाद आहे तो उष्णतेने पांढऱ्या पडलेल्या कोरलचा. त्याच्या अंगातलं शैवाल निघून गेलेलं असतं, म्हणजे घरची कमाई बंद. हवाईतल्या एका दगडी प्रवाळाने अशा वेळी खाणं वाढवून आपली ऊर्जेची गरज भागवल्याचं २००६ मधल्या अभ्यासात दिसलं. पांढरं पडलेलं पण तंतू अजून हलवणारं मश्रूम किंवा पॅली असेल, तर तापमान खाली आणून उजेड थोडा कमी करा आणि त्याला दोन-तीन दिवसांआड अगदी लहान घास द्या, घुमटाखाली.

महावितरणचा वीज बंद असल्याचा निरोप मोबाईलवर आला असेल, तर आदल्या रात्रीपासून काही भरवायचं नाही. बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच जोडून ठेवा. बत्ती बराच वेळ गेली आणि फ्रीजरमधला जवळा वितळला, तर तो परत गोठवू नका.

नवं आणलेलं कोरल पहिला आठवडा तसंच सोडा, त्याला लाइट आणि प्रवाह ओळखू दे. लेदर मिटून मेणचट, चमकदार दिसायला लागलं तर ते आजारी नाही, कात टाकतंय. कधी दोन-चार दिवस, कधी दोन आठवडेही ते तसं राहतं. त्या काळात त्याच्यावर प्रवाह थोडा वाढवा म्हणजे सुटलेली साल वाहून जाते. खाद्य त्या सालीवर चिकटून कुजतं, म्हणून ते पूर्ण बंद. गळून चाललेल्या, तपकिरी शेंबूड सोडणाऱ्या कोरललाही खाऊ घालून वाचवता येत नाही. ते बाहेर काढून बाकीच्यांना वाचवा.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाणार असाल, तर सॉफ्ट कोरलचा त्या काळातला आहार शून्य ठेवा. त्यांचं उजेडावर निभतं. माशांसाठी ऑटोफीडर लावा, तो निघायच्या आठवडाभर आधीच चालवून प्रमाण बघून घ्या. शेजारच्या काकूंना चावी देताना फक्त टॉप-अपचं (उडून गेलेल्या पाण्याच्या भरीचं) पाणी कोणत्या खुणेपर्यंत घालायचं ते दाखवा, खाद्याच्या डब्या कपाटात बंद करा. पाहुण्यासारखं आग्रहाने वाढण्याची आपली सवय टाकीपाशीही सुटत नाही.